गाण्यातली बाई कोणाले सांगते

गाण्याचा अर्थ मले विचारा, दुसऱ्या कोणाले विचारू नका. मोठेपणा म्हणून नाई सांगून राह्यली मी. मार्कंड्यापासून वैनगंगेच्या काठाकाठानं कोणत्याही गावात जा अन् रुखमा रेडिओवाली कुठी राह्यते म्हणून विचारा, लेकरू बी तुमाले माह्या दारापर्यंत आणून सोडीन. मी शिवणकाम करते. मशीनच्या वर फळी आहे, फळीवर रेडिओ. ब्लाउज शिवाले आलेली बाई माप देते, अन् डोक्श्यात अडकलेलं गाणं बी मले विचारून घेते.

आमच्या शेजारच्या नीलाबाईचंच घ्या. एका गाण्यात हिरो म्हणते, तुह्यासाठी चंद्र तोडून आणीन. नीलाबाई ते ऐकून पाणी पाणी होऊन जाय. मी म्हटलं, "नीलाबाई, नीट ऐका जरा. तीन कडवे झाले, अजून यानं तिचं नाव नाई विचारलं. हा चंद्र काय, दुकानातून मीठ बी आणणार नाई." दुसरं एक गाणं आहे. त्यात पोट्टी म्हणते, माह्या गल्लीत येऊ नको, माह्या दारावरून जाऊ नको. सारे म्हणत, बापा, किती रागावली पाहा. कायची रागावली? ती गल्लीचं नाव सांगते, नाक्यावरचं झाड सांगते, दाराचा रंग सांगते. येऊ नको म्हणणारी बाई असा पत्ता देत असते का?

मुखरू मात्र मले चिडवे. मुखरू म्हंजे आमचा लाउडस्पीकरवाला. दोन पोंगे, रेकॉर्डची एक मशीन, एक टेप अन् बॅटरी, एवढ्यावर तो आजूबाजूच्या साऱ्या गावांचे लग्नं लावे. तो म्हणे, "रुखमाबाई, गाणं लिहिणाऱ्यानं बी इतका इचार केला नसंल वो."

मी म्हणो, "त्यानं नाई केला, म्हणून मी बी करू नाई का?"

आता आमच्याकडच्या लग्नाची एक गोष्ट सांगाव लागते, नाई तं पुढचं समजणार नाई. आमच्याकडे लग्नात कवा काय चाललं हे पोंग्यावरूनच समजते. पहाटे बुद्धवंदना अन् भीमगीतं लागले की समजायचं, मांडव जागा झाला. सनईची रेकॉर्ड लागली की वरात शिवेवर आली. उडत्या चालीचं गाणं लागलं की पंगत बसून राह्यली. अन् रडकं गाणं लागलं की पोरगी निघाली. धानाच्या बांधीत काम करणारा मानूस कान देऊन ऐकते अन् उडतं गाणं लागलं की पाण्याचा गडवा घेऊन मांडवाकडे सुटते. बोलवाले कोणी जात नाई. मुखरूनं एखादं गाणं मागंपुढं केलं तं साऱ्या गावाचा दिवस बिघडते.

तर छ्याऐंशी साली, उन्हाळ्यात, मुखरूनं चंद्रपूरहून एक नवी कॅसेट आणली. पिच्चरची नाई. मुंबईच्या कोण्या पोट्टीनं नुसते गाणेच गायले होते, डिस्को टाइपचे. कव्हरवर तिचा फोटो, केस कापलेले, पायात घट्ट पँट. त्यातलं एक गाणं साऱ्या गावाच्या तोंडात बसलं. ती म्हणते, "बत्ती जलती रखना, मैं देर से आऊँगी." मंग पुढं म्हणते की रस्ता लांबचा आहे, कुत्रं मले ओळखते, भुंकणार नाई. चपला मी हातात घेईन. जेवण झाकून ठेवा, अन् कुठी होती म्हणून विचारू नका. बस, एवढंच गाणं. मधी मधी ढिंच्याक ढिंच्याक.

गावातल्या मानसांनी लगेच ठरवून टाकलं की हे चालू पोट्टीचं गाणं आहे. रात्री कोण्या यारापाशी जाते अन् वरून सांगून जाते! पोट्टे शिट्ट्या मारत. म्हाताऱ्या बाया म्हणत, असं गाणं पोरीबारींच्या कानावर पडू नाई.

माह्या तं तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, कान आहेत का भोकं आहेत? मी मुखरूले माह्या ओसरीवर बसवलं अन् टेप लावाले सांगतलं. "हे ऐक. चपला हातात घेईन म्हणते. कायले? घरात झोपलेले आहेत, त्यांची झोप मोडू नाई म्हणून. यारापाशी जाणारी बाई दुसऱ्याच्या झोपेची काळजी करते का? बरं, पुढं ऐक. जेवण झाकून ठेवा म्हणते. कोणता यार जेवण झाकून ठेवते? मले एक दाखव मुखरू, साऱ्या जिल्ह्यात एक दाखव!"

मुखरू डोकं खाजवत म्हणे, "मंग कोणाले सांगून राह्यली थे?"

"मायले," मी म्हटलं. "पोट्टी कामावर जाते. कापडाच्या दुकानात म्हण, टेलिफोनवर म्हण. उशिरा सुटते. अन् मायले सांगून जाते की दिवा ठेव. हे पोरीचं अन् मायचं गाणं आहे."

मुखरूले पटलं. नीलाबाईले पटलं. सर्वात जास्त पटलं ते माह्या भाचीले, सत्यशीलाले.

सत्यशीला म्हंजे माह्या भावाची, देवरावभाऊची पोरगी. बारावी शिकली अन् चंद्रपूरले नर्सच्या ट्रेनिंगले लागली. आमच्या घराण्यात दवाखान्यात काम करणारी पहिली. सुट्टीत आली की पांढऱ्या ड्रेसची इस्त्री मोडू नाई म्हणून तो पोत्यावर नाई, खाटेवर पसरून ठेवे. मले म्हणे, "आत्या, पाळीपाळीची ड्युटी राह्यते. दुपारची पाळी असली का रात्री दहाले सुटते. होस्टेलच्या फाटकावरची बाई माह्यावर रोज डाफरते. ते गाणं माहंच आहे."

अन् मंग तिचं लग्न जुळलं. पोरगा चंद्रपूरचाच, गुणवंत नाव, विजेच्या कारखान्यात फिटर. पोरगा चांगला, खाली मान घालून बोलणारा. पण बोलणीच्या दिवशी त्याच्या बापानं, सोमाजीनं, पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला अन् सांगून टाकलं, "ट्रेनिंग-फिनिंग लग्नानंतर बंद. आमच्या घरची सून रात्री-बेरात्री रस्त्यानं येणार नाई. मोहल्ल्यात राह्यतो आमी."

देवरावभाऊनं मान हालवली. अर्धं वर्ष राह्यलं होतं हो ट्रेनिंगचं! अर्धं वर्ष! मी बोलाले तोंड उघडलं तं भाऊनं माह्याकडे असं पाह्यलं की मी तोंडात सुपारी टाकून बसली. सोमाजीची बायको भागीरथाबाई बाजूलेच बसली होती, काळीसावळी, हाडकुळी, ओठ घट्ट मिटलेले. तिनं चहा घेतला अन् कप उपडा ठेवला, बाकी एक शब्द नाई. मी मनात म्हटलं, ही तं सासऱ्याहून भारी दिसते. सत्यशीलाचं काही खरं नाई.

लग्न शनिवारी होतं. वंदना झाली, बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोपुढं हार घातले, पंगती उठल्या. भात सरला, वरणाचं गंज घासून उलटं ठेवलं, अन् जो तो उन्हाचा आपापल्या घरी जाऊन पडला. पाहुणे मांडवात लोळून राह्यले. ऊन उतरलं का पोरगी निघणार.

मी आतल्या खोलीत गेली तं सत्यशीला पेटीपुढं बसली होती. पांढरा ड्रेस तिच्या मांडीवर. पेटीत नाई, मांडीवर.

"आत्या," ती म्हणे, "बाबा म्हणतात हा इथीच ठेव. सोमवारी दुपारी ड्युटीवर हजर नाई झाली तं माहं नाव कटीन. सिस्टरनं साफ सांगतलं आहे."

"गुणवंत काय म्हणते?"

"ते म्हणतात, बाबांनी हो म्हटलं तं मले काय."

मले सांगा, अशा वेळी मानसानं काय कराव? मी बाहेर आली. देवरावभाऊ बाजेवर टेकला होता. मी म्हटलं, "भाऊ, आता बी वेळ आहे. सोमाजीभाऊशी एक शब्द बोल."

"रुखमे, पोरीच्या बापानं निघतेवेळी बोलू नाई. शब्द दिला मी."

"शब्द तू दिला. पोरीनं कुठी दिला?"

भाऊनं डोळे लावून घेतले. झोप नोती आली त्याले. मी बहीण आहे, मले समजते.

मंग मी सरळ मुखरूपाशी गेली. तो रडक्या गाण्याची रेकॉर्ड फडक्यानं पुसून राह्यला होता. मी म्हटलं, "ते ठेव. ते देरवालं लाव."

मुखरू उडालाच. "रुखमाबाई, निघायच्या वेळी? डिस्को? पाहुणे माहे पोंगे फोडतीन!"

"फोडले तं मी शिवून देईन."

"पोंगे शिवता येत असते का वो?"

"मुखरू, लावतं का मी लावू?"

त्यानं लावलं. ढिंच्याक ढिंच्याक. भर उन्हात, सारं गाव निजलेलं, अन् त्या पोट्टीचा आवाज नदीच्या पार जाऊन आदळला. बत्ती जलती रखना.

आता माह्या डोक्श्यात एक गोष्ट आलीच नोती. उडतं गाणं म्हंजे काय? पंगत! साऱ्या गावानं कान टवकारले अन् समजले की देवरावच्या घरी दुसरी पंगत बसून राह्यली. घराघरातून मानसं गडवे घेऊन निघाले. बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या. पलीकडच्या टोलीवरून, वस्तीवरून, सोमारी म्हातारी काठी टेकत आली, अन् तिच्या हातात बी गडवा. पाच-दहा मिनिटात मांडव असा भरला की सकाळी लग्नालेही इतका नोता भरला. लोकं रांगा धरून, मांड्या घालून, गडवे पुढं ठेवून बसून बी गेले. पत्रावळीची वाट पाहून राह्यले.

देवरावभाऊ धडपडत उठला. "अरे, भात नाई! भात सरला! कोणं बोलावलं तुमाले?"

"पोंग्यानं बोलावलं," सोमारी म्हातारी म्हणे. "काय वाढता ते वाढा, आमी बसलो."

तिकडून सोमाजी पागोटं सावरत आला. तोंड लाल. "हे काय चाललं आहे? पोरगी निघायच्या वेळी हे चालू गाणं? आमची इज्जत काढून राह्यले का तुमी? बंद करा!"

मुखरूनं टेप बंद केला अन् माह्याकडे पाह्यलं. साऱ्या गावानं माह्याकडे पाह्यलं. तिथी माईक होता. सकाळी त्याच्यावर पुढाऱ्यांनी लंबे लंबे भाषणं ठोकले होते, वधूवराले उपदेश केले होते, एकाही बाईले कोणं उभं नोतं केलं. मी माईक धरला.

"जयभीम," मी म्हटलं. "भात सरला आहे, मंडळी. वाढाले माह्यापाशी एक अर्थ आहे, तेवढा घेऊन जा."

लोकं हासले. सोमाजी नाई हासला. मी म्हटलं, "हे गाणं चालू आहे म्हणता ना? मंग एक एक ओळ घेऊ." अन् मी सुरू झाली. कुत्रं ओळखते म्हणते, म्हंजे ती रोजची येणारी आहे, चोरून एखाद्या दिवशी येणारी नाई. चपला हातात घेते. जेवण झाकून ठेव म्हणते, म्हंजे बाहेर जेवून नाई येत, उपाशी येते. "खेळून-मिरवून आलेली बाई उपाशी येत असते का? काम करून आलेली येते. ही पोट्टी कामावरून येते, अन् मायले म्हणते, माय, दिवा ठेव. आमची सत्यशीला दवाखान्यात बायांचे बाळंतपणं करते. बाळ काय घड्याळ पाहून येते? तुमच्या घरी रात्रीचं कोणाचं पोट दुखलं अन् दवाखान्यात नर्सच नाई, ती घरी सासऱ्याची इज्जत सांभाळून राह्यली, तं चालंल का तुमाले? पोरीचं सोमवारी नाव कटते. अर्धंच वर्ष राह्यलं असताना कटते. सोमाजीभाऊ, मी साऱ्या गावादेखत हात जोडते, तिले ड्युटीवर जाऊ द्या."

मले वाटलं, जिंकली. खरं सांगते, मले तसंच वाटलं.

सोमाजी हासला. अन् मोठ्यानं म्हणे, "लई चांगला अर्थ सांगतला, बाई. पण तुमच्याच तोंडानं सांगतलं की मायले सांगून राह्यली. बरोबर आहे. मायच्या घरी हे लाड चालतात. माय ठेवंल दिवा. आता पोरगी मायच्या घरची राह्यली का? लग्न झालं, लाड संपले. चला, उरका."

चार मानसं माना हालवाले लागले. हाव, बरोबर आहे म्हणे. आजपर्यंत माह्या अर्थाले कोणं असं उलटं धरून मलेच हाणलं नोतं. सत्यशीला दारात उभी होती. तिनं तो ड्रेस माह्या भावजयीच्या, अंजनाबाईच्या हातात दिला. दिला म्हंजे हातावर ठेवला अन् सोडून दिला. मीच मायचं गाणं म्हटलं होतं, अन् मीच पोरीले फसवलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला. "चुकला तुमचा अर्थ."

भागीरथाबाई उठून उभी राह्यली होती. सकाळपासून तिचा आवाज कोणं ऐकला नोता. ती माईकपाशी नाई आली, तिथूनच बोलली, अन् तरी साऱ्यांले ऐकू गेलं.

"मायले सांगाव लागत नाई," ती म्हणे. "माय न सांगता दिवा ठेवते, जेवण झाकते, अन् जागी राह्यते. सांगाव तिले लागते जिचा भरोसा नाई. ही गाणारी पोट्टी मायले नाई सांगून राह्यली, रुखमाबाई. सासूले सांगून राह्यली."

ते खरं होतं. गाणं माह्या डोक्श्यात पुन्हा सुरू झालं, पहिल्या ओळीपासून, अन् प्रत्येक ओळ जागच्या जागी जाऊन बसली. कुठी होती म्हणून विचारू नका. मायले कोण असं म्हणते?

सोमाजी म्हणे, "भागीरथे, तू बस."

"बसली होती ना मी," ती म्हणे, "इतके वर्षं बसलीच होती." अन् मंग ती त्याच्याकडे न पाहता, सत्यशीलाकडे पाहून बोलाले लागली. "आमी आलापल्लीले होतो. हे लाकडाच्या डेपोत, मी बिडीचा तेंदूपत्ता तोडाले. पहाटे जंगलात जावो, पत्ता तोडून, पुडके बांधून, पत्ता मोजून घेतात त्या फळीवर देऊन घरी येवो तं अंधार पडे. जंगलातून याले भेव नाई लागलं मले कधी. घर आलं की भेव लागे. सासू दिवा इझवून कडी लावून घे. म्हणे, दिवस मावळल्यावर येणारी बाई घरची नसते. मी ओट्यावर बसो. माहं पोरगं आत रडे, मले ऐकू ये, अन् मी बाहेर बसो. यांची झोप भारी होती. यांले काही ऐकू नाई ये."

सोमाजीनं पागोटं काढून हातात घेतलं होतं अन् त्याचा काठ चाचपून राह्यला होता. गुणवंत आपल्या मायकडे असा पाहून राह्यला होता जसा तिले पहिल्यांदाच पाह्यते. बाहेर बसलेल्या मायचं त्या लेकराले काय आठवणार? पण ते लेकरू तोच होता.

भागीरथाबाई चालत दारापाशी गेली. अंजनाबाईच्या हातातून तिनं तो ड्रेस घेतला, बाह्या जुळवल्या, घडी घातली. नवऱ्याले म्हणे, "तुमी झोपून जात जा, तुमाले नाई उठवत मी. कडी मी काढीन." मंग सत्यशीलाले म्हणे, "सोमवारी किती वाजता सुटतं व तू?"

सत्यशीला दिवसभर रडली नोती. निघायच्या गाण्याशिवायच पोट्टी अशी रडाले लागली की तिच्या तोंडातून शब्द निघंना. भागीरथाबाई तशीच उभी, उत्तराची वाट पाहत.

मंग मीच माईक पुढं ओढला अन् पोंग्यावरून साऱ्या गावाले, नदीपारच्या गावांले बी ऐकू जाईन असं सांगतलं, "दहाले सुटते. घरी याले साडेदहा होतीन."